इफ-एल्सच्या माळेतून सुटका
१९९१ च्या पहिल्या एचटीटीपीत एकच मेथड होती, गेट. १९९६ च्या १.० आवृत्तीत हेड आणि पोस्ट आल्या, १.१ मध्ये पुट, डिलीट, ऑप्शन्स रीतसर दाखल झाल्या आणि २०१० मध्ये पॅचला स्वतंत्र आरएफसी मिळाला. पत्ता एक आणि मेथड अनेक, मग कोडमध्ये त्यांची वाटणी करायची कुठे?

२०१० च्या एक्सप्रेस फ्रेमवर्कने रूबीतल्या सिनात्राचा कित्ता गिरवला: प्रत्येक मेथडसाठी ॲपवर त्याच नावाचं फंक्शन. २०१७ च्या सुमारास नेस्टजेएसने तेच काम डेकोरेटरवर सोपवलं.

खरी पंचाईत झाली फाइल हाच रूट मानणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये. जुलै २०१९ मध्ये नेक्स्ट ९ ने एपीआय रूट आणले. एका फाइलमधून एकच फंक्शन बाहेर जायचं, मेथड आत तपासायची. घाईत लिहिलेला कोड ठरलेला असे: पोस्ट असेल तर नोंद साठवा, एल्समध्ये यादी पाठवा. आता तिथे डिलीट रिक्वेस्ट आली तर? काहीही न पुसता २०० आणि वर यादी! योग्य उत्तर ४०५, सोबत अलाऊ हेडर. पण ते दर फाइलमध्ये हाताने लिहायचं आणि तेच राहून जायचं.

स्वेल्टकिटने मेथडच्या नावाचीच फंक्शन्स एक्स्पोर्ट करायला लावली. सुरुवातीला नावं लहान लिपीत होती. जावास्क्रिप्टमध्ये डिलीट हा राखीव शब्द, म्हणून तिथे 'डेल'वर भागवावं लागलं. २०२२ मध्ये सगळी नावं कॅपिटल झाली आणि ही अडचण संपली. प्रोटोकॉलमध्येही ती तशीच लिहितात, त्यामुळे हा बदल अगदी रास्त होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये नेक्स्ट १३.२ त्याच वाटेने गेलं. ज्या मेथडचं फंक्शन लिहिलंच नाही, तिला फ्रेमवर्क स्वतः ४०५ देतं. चार ओळी वाचल्या यापेक्षा ही हमी कितीतरी मोलाची.

फ्रेमवर्कची अशी सोय नसेल, तर मेथडच्या नावांचा युनियन टाइप करून हँडलर एका ऑब्जेक्टमध्ये ठेवता येतात. टाइपस्क्रिप्ट ४.९ मधलं सॅटिस्फाइज त्यावर लावलं, की 'पोस्ट'चं स्पेलिंग चुकताच कंपायलर लाल रेघ मारतो.

ठरलेल्या नावांची मर्यादाही आहे. गेटसारखी सुरक्षित, पण बॉडी नेणारी क्वेरी मेथड आयईटीएफच्या चर्चेत आली. नेक्स्टच्या सात नावांत तिला जागा नव्हती. होनो या फ्रेमवर्कच्या 'ऑन'ला मात्र कुठलंही नाव देता येतं आणि स्वेल्टकिटचं 'फॉलबॅक' उरलेल्या साऱ्या मेथड झेलतं.