फेरिटिन उतरले, हृदयातले लोह तिथेच

१०० पैकी ४७. थॅलेसेमिया मेजरच्या ज्या रुग्णांचा हृदयाचा टी-टू-स्टार ६ मिलिसेकंदांच्या खाली होता, त्यांच्यापैकी इतक्यांना वर्षभरात हार्ट फेल्युअर झाले. ब्रिटनमधल्या ६५२ रुग्णांचा हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. टी-टू-स्टार म्हणजे एमआरआयमध्ये स्नायूतला चुंबकीय संकेत विरायला लागणारा वेळ. लोह जास्त, तर संकेत लवकर विरतो. २० च्या वरचा आकडा ठीक, १० च्या खालचा गंभीर. हार्ट फेल्युअर झालेल्यांपैकी ९८ टक्के १० च्या खालचे होते.

हे लोह येते या रुग्णांना वारंवार चढवाव्या लागणाऱ्या रक्ताच्या पिशवीतून. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. महिन्याला दोन पिशव्या धरल्या, तर वर्षाला सुमारे ५ ते ६ ग्रॅम. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम असते आणि दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर पडते. बाकीचे औषधानेच काढावे लागते.

किती साठले, याचा अंदाज बहुतेक ठिकाणी रक्तातल्या फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून घेतात. हार्ट फेल्युअरचे भाकीत करण्यात त्याच अभ्यासात टी-टू-स्टारला १ पैकी ०.९४८ गुण मिळाले, फेरिटिनला ०.६२९, यकृताच्या टी-टू-स्टारला ०.५८९. या मापनात ०.५ म्हणजे नाणेफेक. कारण वेगात आहे: औषध सुरू झाले की यकृतातले लोह आधी उतरते, हृदयातले मागे रेंगाळते. त्यात फेरिटिन साध्या संसर्गानेही चढते. फाइलवर फेरिटिनचा उतरता आलेख पाहून निर्धास्त होणे म्हणूनच महागात पडू शकते.

नेहमीच्या हृदयतपासणीचे इतर आकडेही इथे फसवतात. थॅलेसेमियात कोलेस्टेरॉल बहुधा कमीच असते. त्याचा या धोक्याशी संबंध नाही. लोहामुळे मधुमेह होतो, पण एचबीएवनसी या साखरेच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही: तपासलेल्या तांबड्या पेशींतल्या बऱ्याचशा रक्तदात्याच्या असतात.

ब्रिटनमध्ये १९८० ते १९९९ या काळात लोहसंचयाने दर हजार रुग्णवर्षांमागे ७.९ मृत्यू होत. २००० ते २००३ मध्ये २.३. म्हणजे ७१ टक्के घट. टी-टू-स्टार तपासणी १९९९ पासून वापरात आली होती आणि तिच्या आकड्यावरून औषधोपचार वाढवता येऊ लागला होता.

सिकलसेल या दुसऱ्या रक्तविकारात हृदयाच्या धोक्याची खूण वेगळी, घोळही वेगळा. फुफ्फुसातल्या दाबाच्या अंदाजासाठी इकोमध्ये हृदयाच्या उजव्या झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात; सेकंदाला २.५ मीटर ही सीमा. २००४ च्या अमेरिकी अभ्यासात १९५ प्रौढांपैकी ३२ टक्के तिच्यावर होते आणि त्यांचा मृत्युदर इतरांच्या दहापट. २०११ मध्ये फ्रान्समध्ये ३९८ रुग्ण तपासले. २७ टक्के सीमेवर किंवा पलीकडे; कॅथेटर घालून दाब मोजल्यावर फुफ्फुसांतला उच्च रक्तदाब ठरला फक्त ६ टक्क्यांत. इकोने बोट दाखवलेल्या चारांपैकी साधारण एक.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचे लक्ष्य ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आहे. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातही हा आजार आहे. ही तपासणी रक्ताची. निदान झालेल्याचा इको ही पुढची पायरी, आणि वेग २.५ च्या वर निघाला तर कॅथेटरची सोय असलेले रुग्णालय ही त्याच्याही पुढची.