पाऊस, शिफारस आणि देशकार

माझे वडील कोवळ्या वयात ग्वाल्हेरच्या दरबारात गायले. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. पंचेचाळिशीचा झालो, लष्करच्या जुन्या घरात गाणे शिकवतो. इंग्रजी व्याकरण मला चांगले येते, असा माझा समज होता.

परवा एका शिष्येला परदेशी शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र हवे होते. शिफारशीला वजन यावे म्हणून मी लिहिले, 'आय हेव्हिली रेकमेंड हर.' पोरगी घुटमळली. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, 'हेव्हिली' पाऊस पडतो. शिफारस 'स्ट्राँगली' करतात."

"का बरे?"

"कारण नाही, गुरुजी. तसेच म्हणतात."

मला जरा लागले. पण हेच उत्तर मी लहानपणी ऐकले होते. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर पाचच: सा, रे, ग, प, ध. मग राग दोन कसे? वडील म्हणाले, "दोन्ही गा, कानाला कळेल." भूपात गंधाराचे राज्य, देशकारात धैवताचे. स्वर तेच, संगत निराळी.

आणि वाचकहो, आपली मराठी तरी काय करते? माणूस ढसाढसा रडतो आणि पाणी घटाघटा पितो. 'घटाघटा रडला' म्हटले तर घरातले पोरही हसेल. ते त्याला व्याकरणाने शिकवलेले नसते. आपण साफ नाकारतो. इंग्रज 'फ्लॅटली', म्हणजे सपाट, नाकारतो. त्याचे दुःख 'डीपली रिग्रेट', म्हणजे खोल. आणि आपल्याला पुसट आठवते ते त्याला 'व्हेगली' आठवते.

शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हा विचार जे. आर. फर्थ या इंग्रज भाषापंडिताने १९५७ साली मांडला. तो पूर्वी लाहोरला इंग्रजी शिकवीत असे. अशा जोड्यांचा ऑक्सफर्डचा स्वतंत्र कोशही २००२ साली निघाला.

मी मात्र गवयाची रीत धरली आहे. सुटे क्रियाविशेषण पाठ करायचे नाही. रागाची पकड घोकावी तशी क्रियापदासकट जोडी घोकायची, आणि रोज एका नव्या वाक्यात म्हणून पाहायची.

पत्र दुरुस्त करून धाडले. आता सकाळी ती माझ्याकडे देशकार शिकते, आणि तास संपला की वही मी उघडतो. शिफारस फळली, तर मात्र वही तपासायला कोणी उरणार नाही.