पहिल्या भेटीत माणूस किती कळतो?

मंडळी, आमच्या मनीषनगरात नवा भाडेकरू सामान उतरवू लागला, की समोरच्या गॅलरीत त्याचा निकालही लागतो. "माणूस तिरसट दिसतो बरं का!" त्या बिचाऱ्याने अजून तोंडसुद्धा उघडलेले नसते.

असले निकाल अगदीच खोटे ठरतात का? तसेही नाही. मानसशास्त्रज्ञांनी अनोळखी माणसांना थोडा वेळ एकत्र बसवून एकमेकांविषयी मते विचारून पाहिली आहेत. माणूस बोलका की बुजरा, हे बऱ्याचदा बरोबर ओळखता येते. ते आवाजात, चालण्यात, हातवाऱ्यांत उघडच दिसते. पण तो मनातून धास्तावलेला आहे का, हे कळणे फार कठीण. अडचण अशी, की दोन्ही मते आपण सारख्याच खात्रीने देतो!

आणखी एक गंमत. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिले, की लष्करी अधिकारी ज्याची अंगकाठी चांगली, त्याला बुद्धीचे आणि शीलाचेही गुण सढळ हाताने देत. एक गुण दिसला, की बाकीचे आपण पदरचे घालतो. दोषांचेही तसेच.

आपल्या वऱ्हाडातलेच पाहा ना. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा. अंगावर चिंध्या, हातात खराटा, जवळ फुटके गाडगे. अनोळखी गावात लोक त्यांना भिकारी समजत. रात्री कीर्तनाला उभे राहिले, म्हणजे हा माणूस कोण ते कळे! पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या त्या यांच्याच खटपटीने. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

गुरुजी मंडळींपाशी मात्र मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा मान खाली घालून बसे. पहिल्याच दिवशी प्रश्न विचारला, तो गप्प. मी मनात 'मठ्ठ' असा शिक्का मारला आणि पुढे त्याला विचारणेच सोडून दिले. सहामाहीचे पेपर तपासताना त्याचा निबंध हाती आला. वर्गात तसा दुसरा नव्हता. मी त्याला बोलावून म्हटले, "अरे, मग वर्गात बोलत का नाहीस?"

तो हळूच म्हणाला, "सर, आमच्या घरी गोंडी बोलतात. मी मनात मराठी जुळवेपर्यंत तुम्ही पुढच्याला विचारता."

त्या दिवशी मी घड्याळ लावून पाहिले. प्रश्न विचारल्यावर मी दोन सेकंदसुद्धा थांबत नव्हतो. आता मनातल्या मनात दहापर्यंत मोजतो. वर्गात थोडी चुळबुळ होते, पण होऊ द्या.