अंगणातली पट्टेरी कण्हेर

हल्ली रोपवाटिकेत हिरव्या पानाला पिवळसर-पांढरी कड असलेली कण्हेर मिळते. फुलं नसली तरी पानांनीच अंगण खुलतं. पण घरी शेळ्या-गुरं असतील, तर आधी थोडं ऐका.

या झाडाला भरपूर ऊन द्या. पाणी तुंबेल अशी जागा नको. पानाचा पांढरा भाग अन्न तयार करत नाही, म्हणून ही कण्हेर साध्या कण्हेरीपेक्षा हळू वाढते. मधूनच एखादी फांदी पूर्ण हिरवी फुटते. ती जोमानं वाढते आणि हळूहळू सगळं झाड हिरवं होतं. म्हणून अशी फांदी दिसताच मुळापासून काढा.

नवं रोप बियांपासून करू नका, पट्टे येतीलच असं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्या. खालची पानं काढून ती वाळूमिश्रित मातीत लावा आणि माती ओलसर ठेवा.

आता महत्त्वाचं. कण्हेरीची पानं, फुलं, साल, मुळं, सगळंच विषारी आहे. हे विष थेट हृदयावर परिणाम करतं. हिरवं पान कडू असल्यानं जनावर सहसा तोंड लावत नाही. धोका असतो तो छाटणीनंतर. सुकलेली पानं चाऱ्यात मिसळली की जनावर ती खाऊन टाकतं, आणि सुकल्यावरही विष जात नाही. मूठभर पानंही जिवावर बेततात.

म्हणून छाटताना हातमोजे घाला किंवा हाताला पिशवी बांधा, नंतर साबणानं हात धुवा. सगळी छाट मोजून गोळा करा, लांब खड्ड्यात खोल पुरा. उकिरड्यावर किंवा गोठ्याजवळ टाकू नका. चुलीत घालू नका, धूरही घातक असतो. रोप गोठ्यापासून आणि रांगत्या बाळापासून दूर लावा.

जनावरानं पानं खाल्ली, लाळ गळू लागली, पोट दुखून हगवण लागली, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच 1962 या क्रमांकावर फोन करा. मुलानं पान चावलं तर 108 ला बोलवा आणि पानाचा तुकडा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

झाड लावा, हौस करा. फक्त छाट कुठं टाकायची, ते आधी ठरवा.