कारखाना आणि कामगारांचे दात : एका दुर्लक्षित इजेची ओळख



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी कामगारांच्या दातांचा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. माझ्याकडून संतवाङ्मयाची किंवा नवकाव्याची अपेक्षा करणे स्वाभाविकच होते. तथापि हा विषय माझ्याकडे व्याकरणाच्या वाटेनेच आला. ती हकिकत प्रथम सांगतो.

१९७४ च्या सुमारास मी नुकताच एम. ए. झालो होतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आज आपण तुकोगंजातील या सभागृहात जमलो आहोत, त्यांच्याच आज्ञेवरून मी मालवा मिलच्या बाजूस भरणाऱ्या कामगारांच्या रात्रवर्गात शिकवू लागलो. एके रात्री फळ्यावर वर्णांची उच्चारस्थाने मांडली होती. त, थ, द, ध, न, ल, स हे दंत्य वर्ण. जिभेचे टोक वरच्या दातांना टेकले की ते उमटतात. साचेखात्यात काम करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ 'स' म्हणताना अडखळत होते. नव्या नवलाईच्या उत्साहात मी त्यांच्याकडून तो वर्ण चारचौघांसमोर तीन-चार वेळा म्हणवून घेतला. वर्गात हशा पिकला. तेव्हा त्यांनी शांतपणे तोंड उघडले. वरचे पुढचे चारही दात नव्हते. "मास्तर, जीभ टेकवायची कुठं?" एवढेच ते म्हणाले. पुढे आठवडाभर ते मागच्या बाकावर बसले आणि नंतर यायचे थांबले. गुरुजींना मी हे सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत. "अहो, माणूस काय काम करतो, हे आधी विचारायचं असतं," असे म्हणून ते गप्प झाले.

पुष्कळ वर्षांनी मला कळले की, हाच प्रश्न वैद्यकशास्त्रात तीनशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली श्रमिकांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत 'तुझा धंदा कोणता?' या प्रश्नाची भर घालावी, असा त्याचा आग्रह होता. शिशाची झिलई वापरणाऱ्या कुंभारांचे वर्णन करताना त्यांचे हात लुळे पडतात आणि दात जातात, हेही त्याने नोंदविले आहे.

कामामुळे दात जातात ते कसे? दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. मात्र आम्लापुढे त्याचे काही चालत नाही. तोंडातील सामू ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली उतरला की ते विरघळू लागते. बॅटऱ्या तयार करणे, धातूंना मुलामा देणे, लोखंड तेजाबात धुणे अशा कामांत आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत मिसळतात. अंगमेहनत करणारा माणूस तोंडाने श्वास घेतो. त्यामुळे ओठांबाहेर उघडे पडणारे पुढचे दातच प्रथम झिजतात, त्यांच्या कडा पातळ होतात आणि तुटतात. दगड, सिमेंट किंवा धातू घासण्याच्या कामातील धूळ दातांमध्ये येऊन सहाणेसारखे काम करते. साखर, पीठ आणि मिठाईच्या कारखान्यांत गोड धूळ हिरड्यांलगत बसते व तिथे कीड लागते. शिसे रक्तात भिनले की हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ उमटते. हेन्री बर्टन या डॉक्टराने ती १८४० साली वर्णिली. पाऱ्याच्या वाफेने हिरड्या सुजतात आणि दात हलू लागतात.

या सर्वांत भयंकर कथा काडेपेटीची. पांढऱ्या फॉस्फरसची वाफ किडलेल्या दाताच्या वाटेने जबड्यात शिरे आणि जबड्याचे हाड सडवी. १८८८ साली पूर्व लंडनमध्ये काडेपेटीच्या कारखान्यातील मुलींनी संप केला. पुढे भारताला आपली कर्मभूमी मानणाऱ्या ॲनी बेझंट यांनी त्यांची बाजू लेखणीने मांडली होती. या मुली विष हाताळीत त्याच जागी भाकरतुकडा खात. म्हणून जेवणासाठी वेगळी खोली मिळावी, ही गोष्ट तडजोडीत आली. १९०६ मध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९१३ मध्ये भारतातही पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर कायद्याने बंदी आली. मनात आणले तर कायदा कामगाराच्या तोंडाचे रक्षण करू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

आता आपल्या गिरण्यांकडे वळू. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत इंदुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर अर्ध्या शहराचा दिवस चालू लागला. जुन्या पद्धतीच्या मागावर धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. ओठ, दात, कापसाची धूळ आणि आदल्या पाळीतील विणकराची लाळ यांची गाठ त्या भोकाशी पडे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये या प्रथेवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र या तोंडस्पर्शाला निराळेच वळण लागले. विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना मुंबईच्या साचेखात्यात प्रवेश नाकारला जाई आणि जास्त मजुरीचे काम त्यांच्या हाती लागत नसे. इथून जवळच महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा अन्याय ठामपणे पुढे आणला. धागा तोंडाने ओढण्याची वाईट रीत कायम राहिली आणि तिच्या नावावर माणसे मात्र वगळली गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

गिरणीतील दुसरे कारण तंबाखूचे. ते केवळ व्यसन म्हणून सोडून देता येणार नाही. कापसाला आगीची भीती, म्हणून खात्यात विडी ओढण्यास मनाई. रात्रपाळीत झोप तर आवरली पाहिजे. धुळीने घसा कोरडा पडतो आणि तंबाखूने धूळ घशाखाली जात नाही, अशी कामगारांत समजूत. तेव्हा चुना लावून मळलेला तंबाखू गालात ठेवणे ओघानेच आले. त्याने हिरड्या मागे सरतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि कर्करोगाचे भय असते ते निराळेच. त्यात खात्यातील उष्म्याने शरीरातील पाणी कमी होऊन लाळ आटते. लाळ हीच दातांची राखणदार. ती आम्ल धुऊन नेते आणि कवचाला क्षार परत देते. रात्रपाळीत चार-चार वेळा गोड चहा घेणाऱ्या, कोरड्या तोंडाच्या माणसाला हा राखणदारही सोडून जातो. शिवाय दात दुखला तरी डॉक्टराकडे जायचे म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे मजुरी बुडणे. त्यामुळे दात वाचविण्याची वेळ टळून जाते आणि उपटण्याची वेळ येते.

१९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याच्या पाण्याचे कलम होते, हात-पाय धुण्याच्या सोयीचे होते, पिकदाणीचेसुद्धा स्वतंत्र कलम होते. त्याच्या परिशिष्टात शिसे, पारा व फॉस्फरसच्या विषबाधेची आणि कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगाचीही नोंद होती. कायद्याला पिकदाणी सुचली. झिजलेल्या दाताची मात्र त्या यादीत स्वतंत्र नोंद झाली नाही. बोट तुटले तर भरपाई होते, कारण त्याला तारीख असते. दात वीस वर्षांत हळूहळू जातो. त्याची तारीख कोण सांगणार?

२५ डिसेंबर २०२३ रोजी, बंद पडून तीन दशके लोटलेल्या हुकुमचंद गिरणीच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकीत देण्यांसाठी जवळजवळ २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. उशिरा का होईना, हिशेब झाला याचा आनंद आहे. पण त्या हिशेबात मजुरी होती. गेलेले दात कोणत्या रकान्यात मांडावेत?

गिरण्या गेल्या, तरी पीथमपूर आणि सांवेर रोडच्या कारखान्यांत या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी आज अधिकारपदावर असतील. त्यांच्याकडे माझे मागणे फार खर्चाचे नाही. आम्लाचे तुषार जागच्या जागी ओढून घेणारे पंखे चालू स्थितीत असावेत. खात्याजवळ चूळ भरण्यास स्वच्छ पाण्याचा नळ असावा. जेवणाची जागा खात्याबाहेर असावी. कामगारांच्या वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद २०२० च्या नव्या संहितेतही आहे. त्या तपासणीत डॉक्टरांनी छातीला नळी लावावी, तसेच तोंडही उघडून पाहावे. आणि दात दाखविण्यास गेलेल्या माणसाचा अर्धा दिवस खाड्यात धरू नये.

साचेखात्यातील त्या गृहस्थांचे दात नेमके कशाने गेले, हे मी त्यांना विचारले नाही. धोट्याने, तंबाखूने की आणखी कशाने, ते आता कळणार नाही. मी त्यांच्या उच्चाराची चूक काढली आणि त्यांची क्षमा मागायची राहून गेली. गुरुजींचा प्रश्न त्या वेळी मला सुचला असता, तर ते कदाचित लिहायला-वाचायला शिकले असते. आज या व्यासपीठावरून तो प्रश्न आपल्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.