ओयदिपौसाचे दैव आणि त्याचा स्वाधीन निश्चय

सोफोक्लीझच्या ‘राजा ओयदिपौस’ या नाटकासंबंधी विद्यार्थ्यांच्या लेखनात दोन विधाने हटकून आढळतात. एक, हे दैवाधीन मनुष्याचे नाटक आहे. दुसरे, नायकाच्या कोपिष्टपणाला व अहंकाराला मिळालेले हे फळ आहे. पहिले मानल्यास नायक कळसूत्री बाहुली ठरतो. दुसरे मानल्यास त्याच्यावर कोसळलेला अनर्थ ही न्याय्य शिक्षा ठरते. उभयपक्षी शोकात्मिकेचा प्राणच निघून जातो. या घोटाळ्याचे मूळ पुष्कळ अंशी शब्दांत आहे. म्हणून प्रथम शब्दांकडेच पाहणे इष्ट होईल.

ग्रीक भाषेत दैवाला ‘मॉइरा’ म्हणतात व त्याचा मूळ अर्थ ‘वाटा’ असा आहे. संस्कृतातील ‘भाग्य’ हा शब्द वाटणे या अर्थाच्या ‘भज्’ धातूशी निगडित आहे. अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आलेल्या ‘नशीब’ आणि ‘किस्मत’ या शब्दांतही वाट्याचीच कल्पना आहे. परस्परांशी नाते नसलेल्या भाषाकुलांनी एकच चित्र रेखाटावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. वाटा पदरात पडतो. तो तसाच का पडला याचा खुलासा या शब्दांत नसतो. ‘प्रारब्ध’ आणि ‘प्राक्तन’ हे शब्द मात्र निराळ्या जातीचे होत. त्यांच्या पोटात कारण दडलेले आहे, आणि ते कारण म्हणजे भोगणाऱ्याचेच पूर्वीचे कर्म. मराठी भाषांतरकाराने ‘मॉइरा’च्या जागी ‘प्रारब्ध’ योजले, की सोफोक्लीझने जे समर्थन कटाक्षाने टाळले तेच मागील दाराने आत येते. हे कटाक्षाने टाळलेले आहे असे म्हणण्यास आधार आहे. इ. स. पूर्व 467 मध्ये सादर झालेल्या ईस्किलसच्या ‘थीब्जवरील सात वीर’ या नाटकात अपत्य होऊ देऊ नये अशी ताकीद अपोलोने लायस राजाला तीनदा दिली होती व त्याने ती मोडली, असे कथानक आहे. तेथे अनर्थाला अपराधाचे मूळ लाभते. सोफोक्लीझच्या नाटकात अशी अट कोठेच नाही. मुलाच्या हातून मरण येणार, एवढेच लायसला कळते.

दैववाणीचे व्याकरणही न्याहाळण्यासारखे आहे. डेल्फी येथे ऐकलेले बोल ओयदिपौस स्वतः सांगतो तेव्हा मातृसंगाविषयी तो ‘घडणे भाग आहे’ अशा अर्थाचे क्रियापद वापरतो. पित्याच्या वधाविषयी मात्र केवळ भविष्यकाळ येतो. आज्ञार्थ कोठेच नाही. देवाने त्याला काही करावयास सांगितलेले नाही. तो काय करील एवढेच सांगितले आहे. भविष्य ठाऊक असणे म्हणजे ते घडवून आणणे नव्हे, हा भेद ई. आर. डॉड्झ यांनी 1966 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात स्पष्ट केला आहे. तथापि ‘भाग आहे’ हे क्रियापद पाहता दैववाणी म्हणजे निव्वळ निरुपद्रवी भाकीत, असेही म्हणता येत नाही. हा ताण नाटककाराने मिटवलेला नाही, आणि समीक्षकानेही तो मिटवू नये.

शिवाय रंगभूमीवर प्रत्यक्ष काय घडते? पितृवध आणि मातृविवाह पडदा उघडण्यापूर्वीच घडून गेले आहेत. (पडदा हा आपला; ग्रीक रंगमंचाला तो नव्हता.) नाटकाची कृती म्हणजे शोध, आणि तो सर्वस्वी नायकाचा आहे. थीब्जवरील रोगराई हटण्यासाठी लायसच्या मारेकऱ्याला घालवून द्या, एवढेच देवाने क्रेऑनकरवी कळविलेले असते. ओयदिपौसाने स्वतःच्या जन्माचा छडा लावावा अशी मागणी कोणीच केलेली नाही. उलट द्रष्टा तायरेसियस, राणी योकास्टा आणि वृद्ध मेंढपाळ हे तिघेही त्याला थांबण्याची विनवणी करतात. तो थांबत नाही. ज्या बुद्धीने त्याने स्फिंक्सचे कोडे सोडविले, तीच बुद्धी त्याला येथे पुढे ढकलते. तिला दोष म्हणावे काय? ॲरिस्टॉटलने ‘हमार्तिया’ हा शब्द योजला तो नेम चुकणे या अर्थाच्या क्रियापदावरून. म्हणून ‘स्वभावदोष’ या रूढ पर्यायापेक्षा ‘प्रमाद’ हा अधिक जवळचा आहे. कोरिंथमध्ये पितृवध घडू नये म्हणून कोरिंथ सोडण्यात ओयदिपौसाचा हेतू शुद्ध होता, तर्कही सुसंगत होता. चूक होती ती फक्त माहितीत.

ज्ञानाचा हा प्रश्न त्याच्या नावातच गुंतलेला आहे. नावाचा अर्थ ‘सुजलेल्या पायांचा’. त्यातील ‘पूस’ आणि आपला ‘पाद’ सगोत्र आहेत. पण ग्रीक श्रोत्याला पूर्वार्धात ‘ओय्दा’, म्हणजे ‘मला ठाऊक आहे’, हेही ऐकू येत असे, आणि नाटककार त्यावर श्लेष करतो. ‘ओय्दा’ रूपाने पूर्णभूताचे, अर्थाने वर्तमानाचे. संस्कृतातील ‘विद्’ धातूचे ‘वेद’ हे रूप नेमके असेच आहे. ‘ईडिपस’ या इंग्रजी वळणाच्या उच्चारात हे सारे बुजून जाते. पु. ल. देशपांडे यांनी आपल्या मराठी रूपांतराला ‘राजा ओयदिपौस’ असे नाव दिले, ते या दृष्टीने अधिक सार्थ आहे.

डोळे फोडून घेण्याचा प्रसंग या चर्चेतील कळीचा होय. तायरेसियस हे अंधत्व आधी सांगतो खरा, पण डेल्फीच्या वाणीत त्याचा उल्लेख नाही. राजवाड्यातून येणारा दूत तर या कृत्यांना स्पष्टपणे ‘स्वेच्छेची’ म्हणतो. त्याने वापरलेला ‘हेकॉन’ हा शब्द इच्छा करणे या अर्थाच्या संस्कृत ‘वश्’ धातूचा सगोत्र आहे. नायकही पुढे हेच म्हणतो: दुःखे अपोलोची, पण वार करणारा हात स्वतःचा.

सोफोक्लीझ इ. स. पूर्व 406 च्या सुमारास निवर्तला. त्याचे ‘कोलोनस येथील ओयदिपौस’ हे नाटक इ. स. पूर्व 401 मध्ये, त्याच्या पश्चात, रंगभूमीवर आले. त्यात वृद्ध, अंध नायक जुन्या पातकांविषयी म्हणतो, की ती आपण केली त्याहून अधिक सोसली. परंतु स्वतःला दिलेल्या शिक्षेविषयी त्याची भाषा निराळी आहे: पूर्वीच्या चुकांच्या मानाने आपला क्रोध फार पुढे गेला, असे तो कबूल करतो. तेथे ‘चुका’ या अर्थी आलेले धातुसाधित ‘हमार्तिया’ ज्या क्रियापदावरून आले, त्याचेच आहे.