मान धरणे आणि सुई टोचणे : अ‍ॅक्युपंक्चर व वेदनेची परिभाषा

हुपरीचा चांदी-कारागीर दिवसभर पैंजणाच्या कड्यांवर झुकलेला असतो, आणि सायंकाळी त्याची मान त्याला जाब विचारते. कोल्हापूरच्या परिसरात ही पीडा सांगताना माणसे केवळ ‘मान दुखते’ असे म्हणून थांबत नाहीत. मान ‘धरते’, ‘अवघडते’, ‘आखडते’. दुखणे जुने झाले की ती ‘ठणकते’ आणि खांद्यावरून हातात ‘कळ’ उतरते. यांतील प्रत्येक क्रियापदामागे वेगळा शारीरिक अनुभव आहे. सुया टोचण्याच्या चिनी उपचाराने या दुखण्याला उतार पडतो काय, हा प्रश्न वैद्यकाचा खरा. तथापि उत्तराचा बराचसा भाग रोगी आणि उपचारक यांच्यामधील शब्दांवर अवलंबून आहे.

‘अ‍ॅक्युपंक्चर’ हे नाव चिनी नव्हे. १६८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅटिन ग्रंथात डच वैद्य विलेम तेन ऱ्हायने याने सुई आणि टोचणे या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते घडविले. मूळ चिनी संज्ञा ‘झेनजिऊ’ अशी जोडनावाची आहे : झेन म्हणजे सुई, जिऊ म्हणजे वनस्पती जाळून दिलेला शेक. युरोपीय नावात दुसरा अर्धा भाग गळाला, आणि मराठीने ते नाव तसेच स्वीकारले. या विद्येशी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव सर्रास जोडले जाते. कोल्हापूरचेच व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला होता. परंतु कोटणीस हे शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच निवर्तले. भारतात ही विद्या रुजविण्याचे श्रेय १९३८ च्या त्याच वैद्यकीय पथकातील त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांच्याकडे जाते. बसूंनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ती आत्मसात केली.

मानेच्या दुखण्यात वारंवार योजिले जाणारे दोन बिंदू पाहावेत. कवटीच्या खाली, मानेच्या दोन्ही बाजूंस असलेल्या खळग्यांतील बिंदू ‘फेंग-ची’, म्हणजे वाऱ्याचे तळे. आणि खांद्याच्या माथ्यावरील ‘ज्येन-जिंग’, म्हणजे खांद्याची विहीर. ‘फेंग’चे भाषांतर ‘वात’ असे करण्याचा मोह सहज होतो. मन्यास्तंभ आयुर्वेदातही वातव्याधींतच गणला जातो. परंतु वात हा शरीरातील दोष होय, तर मानेच्या बाबतीत फेंग हा मुख्यतः बाहेरून शिरणारा वारा मानला जातो. ‘गार वारा लागून मान धरली’ असे म्हणणारी आणि मफलर गुंडाळणारी आजी फेंगच्या कल्पनेला शास्त्रीय संज्ञेपेक्षा अधिक जवळ आहे!

सुई योग्य जागी गेली की विशिष्ट संवेदना उमटावी, असे चिनी परंपरा सांगते. तिचे वर्णन करणारे चार शब्द रूढ आहेत. ‘सुआन’चा मूळ अर्थ आंबट, आणि श्रमाने अंग ‘आंबते’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो समजावून द्यावा लागत नाही. ‘झांग’ म्हणजे पाय ‘भरून येतात’ तसे ताणलेले वाटणे. ‘झोंग’ म्हणजे जडपणा. चौथा शब्द ‘मा’, म्हणजे बधिरता किंवा मुंग्या. आणि खरी अडचण येथेच आहे. सुई टोचल्यानंतर क्षणभर आलेल्या मुंग्या उपचारक शुभचिन्ह मानतो. मात्र सुईपूर्वीपासून हातात येणाऱ्या मुंग्या मानेच्या मणक्यांत मज्जातंतू दाबला जात असल्याचे लक्षण असू शकतात. त्यांच्या जोडीला सदऱ्याची बटणे लावणे जड जाऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरील ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जूवरच दाब आल्याची शंका घ्यावी लागते. अशा रोग्याने सुयांवर आठवडे घालविणे म्हणजे हाताची शक्ती कायमची गमावण्याचा धोका पत्करणे होय. मुंग्या ‘आल्या’ आणि मुंग्या ‘येत होत्या’ यांतील काळभेद व्याकरणाच्या पुस्तकात क्षुल्लक दिसतो. तपासणीच्या खोलीत तो निर्णायक ठरतो.

साध्या, जुनाट मानदुखीत मात्र उपचाराचा काही गुण दिसतो. इंग्लंडमध्ये २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३५ रोग्यांच्या चाचणीत खऱ्या सुयांची तुलना लटक्या विद्युत्-उपचाराशी केली गेली. सुयांच्या बाजूने निघालेला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला, पण रोग्याच्या दृष्टीने तो किरकोळ होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यॉर्क येथील ५१७ रोग्यांच्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड दिलेल्यांची पीडा वर्षअखेरीस केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा शंभरांच्या मोजपट्टीवर सुमारे चार गुणांनी कमी भरली. त्याच चाचणीतील तिसऱ्या गटाला सुया न टोचता बसण्या-उठण्याची, मान तोलण्याची अलेक्झांडर पद्धत शिकविली होती. त्या गटालाही जवळजवळ तेवढाच लाभ झाला. हुपरीच्या कारागिराला सुईआधी बैठकीच्या उंचीविषयी विचारावे, हे यावरून उघड आहे.

सुईचा परिणाम कसा होतो, याविषयी मज्जासंस्थेत वेदनेचा मार्ग अडविला जाणे आणि शरीरातच वेदनाशामक द्रव्ये स्रवणे या दिशांनी संशोधन झाले आहे; वाऱ्याची तळी त्यासाठी गृहीत धरावी लागत नाहीत. म्हणून ती नावे टाकून द्यावीत असे मात्र नाही. ‘खांद्याची विहीर’ या नावात खोलीची सूचना आहे, आणि तेथे फुप्फुसाचे टोक खरोखरच फार खाली नसते. सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.